सुतळीएवढी धार

उत्तर मिनेसोटातलं आमचं गाव असं आहे, की तिथे ऑक्टोबरात आलेला बर्फ एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो, घरजावयासारखा. बर्फ पडायला लागला की गावातली निम्मी म्हातारी माणसं पाखरांसारखी दक्षिणेला जातात, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, कुणी लेकीकडे, कुणी भावाकडे. उरलेली निम्मी मागे राहून त्यांना नावं ठेवतात. तौनो हारयुला हा या नावं ठेवणाऱ्यांचा म्होरक्या. "थंडीचं एवढं भय होतं तर इथे जन्माला कशाला आलात?" असं तो म्हणायचा. म्हणजे तोंडाने नव्हे, नुसत्या बघण्यातून. तौनोच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे गोठलेल्या तळ्यातून मासा काढणं. भोक पाडून दिवसभर बसायचं, मिळाला तर मिळाला.

त्याने उभा जन्म सरकारी बर्फगाडी चालवली. पहाटे, गावातलं कुत्रंही कूस बदलत नसताना उठायचं, पुढे भलामोठा फाळ लावलेला ट्रक काढायचा आणि लोक उठायच्या आत रस्ता मोकळा करून ठेवायचा. लोकांना रस्ता दिसे, तौनो दिसत नसे. त्याला ते बरं वाटे. काम झालेलं दिसावं, करणारा दिसू नये, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, आणि तेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

घरातही तोच खाक्या. आमच्याकडे थंडी उणे चाळीसला टेकली की नळ घट्ट बंद करून झोपायची सोय नसते. पाणी पाइपात गोठतं, पाइप फुटतो आणि सकाळी तळघरात तळं होतं. म्हणून नळ सुतळीएवढा सोडून ठेवायचा. वाहतं पाणी गोठत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तौनो बायको-मुलगी झोपल्या की नळ सोडायचा आणि त्या उठायच्या आत बंद करायचा. त्याची बायको आर्डिस लग्नानंतर कितीतरी वर्षं शेजारणींना सांगत होती, की आमच्या घरचे पाइपच चांगल्या जातीचे आहेत.

मुलगी एकच, रोंडा. विशीत ती वाळवंटात गेली ती तिथलीच झाली. टूसॉनच्या पश्चिमेला, जिथे डांबरी रस्ता संपून मातीचा सुरू होतो, तिथे रामिरो नावाच्या सुताराशी तिने संसार थाटला. लग्न फेब्रुवारीत होतं. नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडे वादळ आलं आणि तौनो लग्नाला न जाता गाडीवर गेला. आर्डिस वादळाआधीच्या विमानाने एकटी निघून गेली. रोंडाला चर्चमध्ये हात धरून नेलं ते रामिरोच्या मामाने. नंतर तौनोने फोन केला तेव्हा रोंडा म्हणाली, "असू दे बाबा. काही हरकत नाही." झालं. विषय संपला, असं तौनोने धरलं. पुढे दर हिवाळ्यात ती "या ना बाबा" म्हणायची, तो "बर्फ आहे" म्हणायचा, आणि ती "बरं, काही हरकत नाही" म्हणायची.

आर्डिस मात्र दर फेब्रुवारीला जाऊन यायची. येताना पिशवीभर पपनसं आणायची आणि त्याच्यापुढे ठेवायची. "तुझ्या वाटचं ऊन आणलंय. खा."

चार वर्षांपूर्वी आर्डिस वारली. तौनो निवृत्त झाला होता, पण स्वतःच्या गाडीला छोटा फाळ लावून अख्ख्या गल्लीचा रस्ता तोच काढायचा. आणि गेल्या जानेवारीत स्वतःच्याच पायरीवरून घसरून पडला. खुबा मोडला. हलता येईना आणि हाक मारायची त्याला सवय नव्हती. शेजारच्या व्हर्नने खिडकीतून पाहिलं, रोज पहिल्यांदा साफ होणारा रस्ता आज बर्फाने भरलेला. तेव्हा कुठे तो धावत आला. आणखी तासभर उशीर झाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रोंडाने मग हट्टच धरला. "बाबा, येत्या हिवाळ्यात मार्चपर्यंत इकडे राहायचं. दर वर्षी राहायचं."

"दोन आठवडे," तौनो म्हणाला.

"मार्च."

"दोन आठवडे. नाताळ करून येतो."

रोंडाला वाटायचं, पुढच्या खेपेला व्हर्न खिडकीतून बघणार नाही. तौनोला भीती वेगळीच होती. आपण लेकीच्या घरात अडगळ होऊ. अडगळीचं कसं असतं, ती कुणी फेकत नाही, नुसती वळसा घालून जातात. त्याने परतीचं तिकीट काढूनच प्रस्थान ठेवलं.

विमानतळावर रामिरो अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात न्यायला आला होता. तौनो पायात गुडघाभर बूट आणि अंगात केसाळ कोट घालून बाहेर आला.

"सासरेबुवा, तो कोट आधी काढा," रामिरो म्हणाला. "लोकांना वाटेल, मी अस्वल पाळायला नेतोय."

तौनोने कोट काढला. ऊन पाठीवर पडलं, आणि गेल्या जानेवारीपासून जो खुबा ठणकत होता तो क्षणभर गप्प झाला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

घरात त्याची बडदास्त अशी, की बिशप आला असता तरी लाजला असता. स्वतंत्र खोली, स्वतंत्र न्हाणीघर, नवे कोरे टॉवेल, खिडकीपाशी खुर्ची. रोंडा जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथे घाबरलेल्या कुत्र्यांशी ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बापाशी बोलायची. "बाबा, बसा. बाबा, काही हवं का? बाबा, तुम्ही कशाला, मी करते ना." ताट उचलायला गेला की ताट नाहीसं व्हायचं. रामिरोही तसाच. त्याचं आणि रोंडाचं दिवसातून दोनदा वाजायचं, पण तौनो खोलीत आला की दोघं एकदम हसायला लागायची, जणू पाद्री आलाय.

पहाटे उठायची खोड तर जात नाही. बाहेर लोटायला काही नाही. दोन दिवस तौनोने कळ काढली. तिसऱ्या दिवशी कुंचा घेऊन तो अंगण झाडायला लागला. अंगण म्हणजे वाळू. त्याने या कडेची वाळू त्या कडेला केली आणि वाऱ्याने ती परत या कडेला आणली.

रामिरोची आई एर्लिंडा दोन घरं सोडून राहायची. ती कुंपणापाशी येऊन पोटभर बघत उभी राहिली.

"व्याहीबुवा, समुद्रकिनारा झाडायला पण जाणार का?"

तौनोने तिच्याकडे पाहिलं. "सवय," तो म्हणाला.

"बोलतो म्हणजे! मला वाटलं, सून मुक्या बापाची आहे."

अख्ख्या वस्तीत त्याच्याशी धडपणे बोलणारी ही एकच बाई. तौनोला ती आवडली, आणि अर्थातच त्याने तसं दाखवलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तौनोला कुणी सांगितली नव्हती. त्या वस्तीत नळाला सरकारी पाणी येत नाही. बोअर मारावी तर पाणी पाताळात. टँकर येतो, घरामागच्या टाकीत पाणी ओततो आणि ते टाकीतलं पाणी पंप घरात ढकलतो. त्यामुळे तिथली माणसं पाण्याला तुपासारखी वागवतात. अंगाला साबण लावताना नळ बंद, भाज्या धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला, आणि न्हाणीघरात कायम एक बादली, गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी धरायला. पण तौनो यायच्या आदल्या दिवशी रोंडाने त्याच्या न्हाणीघरातली बादली उचलून ठेवली. "बाबा पहिल्यांदा येताहेत," ती रामिरोला म्हणाली. "आल्या आल्या त्यांना पाण्याचे नियम कसे सांगू? दोन आठवड्यांनी किती फरक पडणार आहे?"

घरामागची मोठी हिरवी टाकी तौनोने पहिल्याच दिवशी पाहिली होती. आमच्याकडेही प्रत्येक घरामागे अशी टाकी असते आणि तिच्यात घर तापवायचं तेल असतं. तौनोने मनात म्हटलं, वाळवंटात एवढं तेल? माणसं भलतीच थंडीला भिणारी दिसतात.

नाताळच्या आदल्या आठवड्यात वाळवंटालाही हुडहुडी भरली. रेडिओवर बातमी आली, रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार. आणि संध्याकाळी तौनोने आयुष्यात न पाहिलेलं दृश्य पाहिलं. सगळी वस्ती घरातल्या चादरी घेऊन बाहेर आली आणि झाडांना पांघरूण घालायला लागली. रामिरोने लिंबाला फुलाफुलांची चादर गुंडाळली. शिडी लावून उंच निवडुंगाच्या एकेका शेंड्यावर चहाचे थर्माकोलचे पांढरे पेले उपडे घातले, थंडीने शेंडे जळू नयेत म्हणून.

तेवढ्यात व्हर्नचा फोन आला. "इकडे उणे पस्तीस," व्हर्न अभिमानाने म्हणाला. "तिकडे काय?"

"निवडुंगाला टोपी घालताहेत," तौनो म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.

पण फोन ठेवल्यावर तो विचारात पडला. झाडांना टोप्या घालण्याइतकी थंडी येते, आणि पाण्याचा पाइप तर बाहेरच्या भिंतीवरून उघडावाघडा गेलाय. त्याला कुणी रुमालसुद्धा बांधला नाही. या पोरांना झाडांची काळजी आहे, घराची नाही. आठवडाभर खुर्चीत बसून बसून त्याच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. आता त्याला काम सापडलं. सगळी झोपल्यावर त्याने स्वयंपाकघरातला नळ सुतळीएवढा सोडला, आपल्या न्हाणीघरातले दोन्ही सोडले, आणि पहाटे कुणी उठायच्या आत बंद केले. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री थंडी जरा जास्त वाटली, म्हणून सुतळीचा दोर केला. सकाळी रोंडा "झोप झाली ना बाबा?" म्हणायची, तो मान हलवायचा, आणि आठवड्यात पहिल्यांदाच त्याला आयतं खाल्ल्यासारखं वाटायचं नाही.

शनिवारी तमालेंचा दिवस. रामिरोच्या घराण्यात नाताळचे तमाले एकट्याने करायचे नसतात. सगळा गोतावळा एका घरी जमतो, कणसाच्या सुक्या पानांवर मक्याचं पीठ चोपडायचं, आत मिरचीतलं मांस भरायचं, गुंडाळायचं आणि मोठाल्या पातेल्यांत वाफवायचं. या वर्षी मान रोंडाच्या घराला होता. मुद्दाम मागून घेतला होता तिने, बाबा आलेत म्हणून. वीसेक माणसं यायची होती. एर्लिंडा सकाळीच पोत्यात पानं, तीन पातेली आणि डुकराचं मांस घेऊन हजर झाली. पानं भिजत घालायला तिने नळ सोडला.

नळ खोकला. दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"रामिरो!" एर्लिंडा ओरडली. "आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? बघ जरा!"

रामिरो मागे गेला. मागोमाग तौनो. रामिरोने टाकीवर टकटक केली. टाकी मोकळ्या पिंपासारखी घुमली.

"अर्धी होती बुधवारी," रामिरो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "कुठेतरी फुटलंय. जमिनीखाली फुटलंय. टँकरवाला आता नाताळानंतरच येणार." त्याने कुदळ घेतली आणि पाइपाच्या रेषेत खणायला सुरुवात केली.

तौनो टाकीकडे बघत उभा होता. "यात पाणी असतं?"

"मग काय असणार?"

"तेल."

रामिरोने कुदळ खाली ठेवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचा रंग त्या निवडुंगावरच्या पेल्यासारखा झाला होता.

"खणू नकोस," तौनो म्हणाला. "नळ मी सोडत होतो. रात्री. पाइप गोठू नयेत म्हणून."

रामिरो काही बोलणार, तोच रोंडा दारात आली. तिने ऐकलं होतं. एर्लिंडा तिच्या मागे, हातात कोरडी पानं. बाहेर रस्त्यावर पहिल्या पाहुण्यांची गाडी थांबत होती. रोंडाने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि घाबरलेल्या कुत्र्यांशी बोलायच्या त्या आवाजात म्हणाली, "असू दे बाबा. काही हरकत नाही."

तौनोने मान हलवली आणि तो आपल्या खोलीत गेला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "हरकत नाही" हे वाक्य त्याला आता पाठ झालं होतं. लग्नानंतर ऐकलं होतं, दर हिवाळ्यात ऐकलं होतं. त्याने बॅग काढली. तीन सदरे, दाढीचं सामान, कोट. व्हर्न विमानतळावर न्यायला येईलच. पाहुण्याने पाणी संपवलं की पाहुण्याने निघावं, हे कुणी सांगायला लागत नाही.

बॅग घेऊन तो बाहेरच्या खोलीत आला, तर समोर रोंडा, दोन्ही हातांत शेजाऱ्यांकडून आणलेल्या पाण्याच्या कॅनी.

"हे काय?"

"निघतो."

"कुठे?"

"घरी."

कॅनी खाली आदळल्या. इतक्या जोरात, की स्वयंपाकघरातली बडबड थांबली.

"नळ सोडायचे होते तर मला सांगता येत नव्हतं? 'रोंडा, मी नळ सोडतोय.' एवढंच म्हणायचं! जीभ झिजली असती?"

"तू झोपली होतीस."

"मी कायम झोपलेलीच असते, बाबा!" तिचा आवाज चढला तो खाली येईचना. "जन्मभर मी झोपलेली असताना तुम्ही काहीतरी करून ठेवता आणि मी उठते तेव्हा तुम्ही नसता. नुसता रस्ता साफ असतो. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, तुझ्या बाबांमुळे शाळेला कधी सुट्टीच मिळत नाही. मला हवी होती सुट्टी! रस्ता बंद हवा होता मला! एक दिवस तरी घरात अडकून पडला असतात तुम्ही!"

"रोंडा..."

"आणि लग्न!"

"वादळ होतं."

"माहितीये वादळ होतं! मी काही हरकत नाही म्हटलं होतं. हरकत होती! प्रचंड हरकत होती! आजपण आहे!"

स्वयंपाकघरातून एर्लिंडाचा आवाज आला, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल एवढा हळू. "अगं बाई. हिला एवढा आवाज आहे?"

"मला रोज ऐकू येतो, आई," रामिरो म्हणाला.

तौनो बॅग धरून उभा होता. एवढं रागावून त्याच्याशी कितीतरी वर्षांत कुणी बोललं नव्हतं, आर्डिससुद्धा नाही. त्याचे कान तापले. आणि गंमत अशी, की पळून जावंसं वाटत होतं ते वाटेनासं झालं. ही त्याची रोंडा होती. सहा वर्षांची असताना बर्फात पाय आपटून, नाक लाल करून भांडायची ती. गेला आठवडाभर या घरात ती त्याला एकदाही भेटली नव्हती.

त्याने बॅग खाली ठेवली.

"त्या दिवशी," तो म्हणाला आणि थांबला. रोंडा वाट बघत राहिली. आता ती सोडणार नव्हती. "तुझ्या लग्नाची वेळ झाली, तेव्हा मी गाडी थांबवली होती. तळ्याजवळच्या रस्त्यावर. मधोमध. खाली उतरलो. टोपी काढली आणि उभा राहिलो. विधी किती वेळ चालतो ते ठाऊक नव्हतं. म्हणून बराच वेळ राहिलो. कान गेले होते जवळजवळ."

रोंडा एक पाऊल पुढे आली.

"आईला सांगितलंत हे?"

"नाही."

"का?"

"तिने विचारलं नाही."

रोंडा हसायला लागली आणि हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले. मग बाहीने नाक पुसलं, जे करू नको म्हणून तौनोने तिला लहानपणी शंभरदा डोळे वटारले होते.

"मला वाटलं, तुझे पाइप फुटतील," तौनो म्हणाला.

"इथे नाही फुटत, बाबा."

"बाहेरच्या भिंतीवरचा उघडा आहे. गुंडाळायला हवा."

"मग गुंडाळा! पण सांगून गुंडाळा!" आवाज परत चढला. "आणि ती बॅग आत ठेवा. टाकी तुम्ही रिकामी केलीत ना? मग भरायला पण तुम्हीच जा. रामिरो, गाडी काढ. घेऊन जा यांना. नुसतं खुर्चीत बसून झालंय आठवडाभर!"

रामिरोने गाडीच्या मागच्या हौद्यात छोटी टाकी चढवली. सुट्टीत टँकर नसतो तेव्हा वस्तीतली माणसं चार मैलांवरच्या पाण्याच्या नळावर जाऊन स्वतः पाणी भरून आणतात. तिथे गाड्यांची रांग होती. नाताळ तोंडावर, सगळ्यांकडेच पाहुणे.

गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ रामिरो शीळ घालत होता. मग म्हणाला, "सासरेबुवा, एक बोलू? वीस वर्षं या घरात मी एकटा शिव्या खातोय. आज वाटेकरी मिळाला. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू!"

"रोज ओरडते?"

"सकाळी जरा जास्त."

तौनोने खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आई तिची अशी नव्हती."

"मग कुणावर गेली?"

तौनोने बराच विचार केला. "माझी आई," तो म्हणाला. "तिला तर शेजारच्या गावाला ऐकू जायचं."

रांगेत पुढच्या गाडीतला म्हातारा खाली उतरून गप्पा मारायला आला. "हे कोण रे, रामिरो?"

"माझे सासरे. आमची टाकी यांनीच रिकामी केली. तीन रात्री नळ सोडून."

"का म्हणून?"

रामिरो उत्तर देणार, तोच तौनो म्हणाला, "पाइप गोठू नयेत म्हणून."

तो म्हातारा कमरेवर हात ठेवून हसला. मग त्याने मागच्या गाडीवाल्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. पाणी भरून होईपर्यंत सगळी रांग येऊन तौनोला बघून गेली. उणे चाळीस म्हणजे नक्की कसं असतं, थुंकलं तर खरंच खाली पडेपर्यंत गोठतं का, असं विचारत होती. तौनो एकेका शब्दाने उत्तरं देत होता. चौथ्या माणसाला त्याने दोन वाक्यांचं उत्तर दिलं. त्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नाही. आमच्या गावात असतं तर लोकांनी डॉक्टर बोलावला असता.

दुपारपर्यंत तीन खेपा झाल्या. शेजारपाजारच्यांनीही पातेली, कॅनी, लहान मुलांचा पोहण्याचा रबरी हौदसुद्धा भरून आणून दिला होता. पानं भिजली. टेबलाभोवती माणसं बसली, आणि एर्लिंडाने तौनोला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

"व्याहीबुवा, पाणी सांडलंत, आता पीठ चोपडा. असं. पातळ."

तौनोने चोपडलं.

"पातळ म्हटलं! भिंतीला गिलावा करताय का?"

"पातळ केलं तर फुटेल."

"काही फुटत नाही! तुमच्या डोक्यात ते फुटण्याचं भूत बसलंय आधी ते काढा. रोंडा, हा तुझा बाप बघ, विटा पाडतोय!"

"बाबा, सासूबाई सांगतात तसं करा," रोंडा चुलीजवळून ओरडली. "आणि कोपर टेबलावरून काढा, बाकीच्यांना जागा नाहीये!"

तौनोने कोपर काढलं. टेबलाशी दाटीवाटीने बसलेल्या वीस माणसांत त्याला वळसा घालून जायला कुणाला जागाच नव्हती. ज्याला पलीकडे जायचं तो त्याला ढकलून जात होता. एका बाईने तर न विचारता त्याच्या मांडीवर तान्हं मूल ठेवलं आणि हात धुवायला गेली. तौनो पीठ माखलेले दोन्ही हात हवेत धरून, मूल घसरू नये म्हणून मांड्या आवळून बसून राहिला. मूल त्याच्याकडे बघत होतं. तो मुलाकडे बघत होता. दोघांपैकी कुणीच बोललं नाही, पण दोघांचं बरं चाललं होतं.

संध्याकाळी मंडळी आपापले तमाले बांधून घेऊन गेली. एर्लिंडा पाय पसरून खुर्चीत बसली होती. रामिरो अंगणात पातेली खरवडत होता. रोंडा टबात जेमतेम हात बुडतील एवढ्या पाण्यात भांडी विसळत होती. तौनो तिच्यामागे येऊन उभा राहिला. मग त्याने घसा साफ केला.

"मी आंघोळीला जातोय. थोडंच पाणी घेतो."

"घ्या."

तो गेला नाही.

"उद्या पाइप गुंडाळणार आहे. चिंध्या लागतील."

"देते."

तरीही तो गेला नाही. एर्लिंडाने एक डोळा उघडला.

"आणि ते तिकीट," तौनो म्हणाला. "ते मार्चचं करून घे."

रोंडाचे हात पाण्यात थांबले. "विचारताय की सांगताय?"

"सांगतोय."

"बघा, बघा," एर्लिंडा खुर्चीतून म्हणाली. "तोंड उघडलं याचं. आता मार्चपर्यंत मिटायचं नाही."

रोंडाने वळून पाहिलं नाही. ती ताटली बराच वेळ विसळत राहिली, आधीच स्वच्छ झालेली ताटली. "आधी आंघोळीला जा, बाबा," ती शेवटी म्हणाली, आवाज चढवूनच. "कानापर्यंत पीठ लागलंय सगळं. लहान पोर आहात का?"

तौनो आंघोळीला गेला.